बाराव्या रिळातली टोपी

आमच्या गावात त्या शेरीफच्या सिनेमाबद्दल दोन मतं कधीच नव्हती. एकच मत होतं, आणि ते चुकीचं आहे हे कळायला आम्हाला अडतीस वर्षं लागली. एका माणसाला मात्र ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ही त्याची गोष्ट.

त्याला सगळे ऑपरेटर म्हणतात. थिएटर बंद पडून पंधरा वर्षं झाली, तिथे आता फर्निचरचं दुकान आहे आणि प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये गाद्या रचून ठेवतात. पण तो ऑपरेटरच राहिला. बायको चिडली की तीही त्याला "अहो ऑपरेटर" म्हणते. अंगाने किडकिडीत, डोक्यावर बारा महिने तपकिरी टोपी, आणि वीतभर खिडकीतून पडद्याकडे पाहण्यात आयुष्य गेल्यामुळे डावा डोळा कायमचा बारीक झालेला. त्यामुळे तो साधं "बरं" म्हणाला तरी समोरच्याला वाटतं, याला आपलं पटलेलं नाही. बोलणं मोजकं. बोलायचं काम पडद्याचं, आपलं काम उजेड द्यायचं, असं त्याचं म्हणणं. त्यावर बायकोचं म्हणणं, "उजेड कसला? आयुष्यभर लोकांना अंधारात बसवलंत."

आपण किती खरं बोलतोय हे तिला माहीत नव्हतं.

तर तो सिनेमा. घोडे, बंदुका, धुळीचा रस्ता, दुकानाच्या पायरीवर पाय सोडून बसलेले आळशी लोक. पंचवीस आठवडे चालला. भाषा इंग्रजी, म्हणजे आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हती. पण गोळी सगळ्यांना कळते. शेरीफ, म्हणजे तिकडचा फौजदार, कुणापुढे झुकत नाही, एक शब्द जास्त बोलत नाही, टोळीतल्या एकेकाला टिपतो आणि शेवटच्या झुंजीला भर उन्हात बोडक्याने उभा राहतो. आधीच्या प्रसंगात डोक्यावर टोपी असते, पुढच्या प्रसंगात नसते. ही टोपी कुठे गेली, यावर आमच्या गावात जेवढा विचार झालाय तेवढा पाणीपुरवठ्यावर झालेला नाही.

सलूनवाल्याच्या मते वाऱ्याने उडाली. ड्रॉइंगमास्तर म्हणजे गावातले एकमेव कलावंत. शाळेतल्या तीन पिढ्यांनी त्यांच्याकडे एकच केळं काढलं आहे. ते म्हणायचे, "टोपी हे प्रतीक आहे. पुरुष मरणापुढे उघडा जातो." हे वाक्य इतकं गाजलं की गावातल्या पोरांनी टोप्या घालणं सोडलं. आणखी एक गोष्ट त्या पिढीने सोडली, ती म्हणजे माफी मागणं. शेरीफ मागत नाही ना, मग आपण का मागायची? सलूनवाल्याने एकदा एकाचा कान कापला तेव्हाही तो एवढंच म्हणाला होता, "हललास तू."

त्यानंतर घोडेस्वारांचे जेवढे जुने सिनेमे नव्याने निघाले ते सगळे आम्ही पाहिले आणि सगळ्यांना नापास केलं. पहिल्या पाच मिनिटांतच. नव्या सिनेमातले घोडे धुतलेले दिसतात, असं ड्रॉइंगमास्तर म्हणायचे. नवे नट गोळी झाडण्याआधी विचार करतात, असं सलूनवाला म्हणायचा. मग दोघं कोपऱ्यातल्या बाकावर बसलेल्या ऑपरेटरकडे वळायचे. "काय ऑपरेटर, मूळ ते मूळच ना?"

ऑपरेटर डावा डोळा आणखी बारीक करून म्हणायचा, "बरं."

मग एक दिवस शेरीफचाच सिनेमा नव्याने निघाला. आपल्या भाषेत डब होऊन येणार होता, आणि ते संवाद लिहिले होते ऑपरेटरच्या मुलीने.

ही मुलगी केबिनमध्ये वाढलेली. आई कामाला जायची, म्हणून बाप तिला तिकडे न्यायचा. रिकाम्या रिळांच्या डब्यांवर बसून ती गृहपाठ करायची. पुढे ती शहरात गेली आणि परदेशी नटांच्या ओठांत आपले शब्द बसवण्याचं काम करू लागली. हे काम म्हणजे दुसऱ्याच्या चपलेत पाय घालून पळण्यासारखं आहे, असं ती सांगते. या सिनेमाने तिचं नाव पहिल्यांदाच पडद्यावर येणार होतं. गावच्या लोकांसाठी तिने रविवारी सकाळी अकराचा खेळ ठरवला, नव्या चकचकीत थिएटरात, आणि घरोघर जाऊन स्वतः बोलावणं केलं.

सगळे गेले. मीही होतो. तिचं नाव आलं तेव्हा टाळ्या झाल्या. ऑपरेटर पहिल्या रांगेत, टोपी मांडीवर घेऊन, चोरासारखा बसला होता. आम्हाला वाटलं, अभिमानाने माणूस असा आखडतो.

शेवट जवळ येईपर्यंत सगळं ठीक होतं. शेरीफने कोठाराच्या दारात टोळीच्या म्होरक्याच्या शेवटच्या साथीदाराला टिपलं तेव्हा आम्ही अडतीस वर्षांपूर्वीसारख्याच शिट्ट्या मारल्या. पण लगेच म्होरक्यावर झडप घालायला निघण्याऐवजी हा नवा शेरीफ मेलेल्याला उताणा करून बघतो. तो टोळीतला नसतोच. साधा शेतकरी असतो, हातात बंदूक नसते, घोड्याची नाल असते. मग शेरीफ त्याच्या घरी जातो. दारात त्याची बायको. शेरीफ टोपी काढतो, खुंटीला अडकवतो, दोनदा नीट करतो. शेवटी म्हणतो, "चुकलो." ती टोपीकडे बघते. मग म्हणते, "मला सांगून काय उपयोग? मला माहीतच आहे. गावात जाऊन सांगा." तो जातो. टोपी खुंटीला राहते.

मागून कुणीतरी ओरडलं, "ए, शेरीफला रडवलं कुणी?" हशा पिकला. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

खेळ सुटल्यावर बाहेरच्या दालनात सगळे तिच्याभोवती जमले. पोरगी आनंदात होती, हातात पाण्याची बाटली, डोळ्यांत झोप नसलेली लाली.

"संवाद झकास हो," सलूनवाला म्हणाला. "पण ते माफीबिफी कशाला घुसडलंस?"

"मी कुठे घुसडलं, काका? सीन मुळातच आहे. मी फक्त भाषा केली."

"मुळात?" ड्रॉइंगमास्तरांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा समोरच्याचं केळं चुकलेलं असतं. "बाळ, मूळ सिनेमा मी अठरा वेळा पाहिलाय. मुळात तो खुनाची माफी मागत नाही, कारण तो खून नाहीच. तुझ्या या सीनने सगळा माणूस बदलला."

तिने फोन काढला. जुना सिनेमा तिच्याकडे होता, आख्खा. तिने तो प्रसंग लावून दाखवला: तोच शेतकरी, तीच बाई, काळ्यापांढऱ्या उन्हात तीच टोपी खुंटीला. आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिलं. एखाद्या शहाण्या गावात इथे विषय संपला असता.

"हे नंतर घातलंय," सलूनवाला म्हणाला.

"असं करतात हल्ली," ड्रॉइंगमास्तरांनी दुजोरा दिला. "जुन्या सिनेमात नवे तुकडे जोडून पुन्हा विकतात. खरा मूळ सिनेमा तो, जो आपल्या थिएटरात लागला होता."

"आणि समजा तूच हे सुचवलं असशील," कुणीतरी गोडीत म्हणालं, "तर तसं सांग ना, लाजायचं काय त्यात? बाईमाणसाला असले सीन सुचतातच."

तिचा चेहरा पडला. ती वळून बापाकडे बघू लागली. तो दाराशी, टोपी पुन्हा डोक्यावर घालून उभा होता.

"बाबा, तुम्ही सांगा. तुम्ही तर रोज चार वेळा लावत होतात."

सगळे त्याच्याकडे वळले. अडतीस वर्षं आमच्या मतावर शिक्का मारणारा माणूस. त्याचा डावा डोळा पार मिटल्यासारखा झाला.

"मला," तो म्हणाला, "असा काही सीन आठवत नाही."

"मग माझंच काहीतरी चुकलं असेल," ती म्हणाली, आणि बाटलीचं झाकण घट्ट लावत बसली. ते आधीच घट्ट होतं.

आता जे घडलं होतं ते असं. त्या सिनेमाची पंधरा रिळं होती. खेळ बारा, तीन, सहा आणि नऊचे. पहिल्या शुक्रवारी बाराचा खेळ पुरा दाखवला तर जाहिराती, मध्यंतर धरून तो तीनच्या पुढे दहा मिनिटं गेला. आतले बाहेर येईनात, बाहेरचे आत घुसले, आणि दारात एका बाईची बांगडी फुटून हात कापला. मालक धापा टाकत केबिनमध्ये आला आणि म्हणाला, "अकरा मिनिटं कमी कर. कुठली ते तू बघ." त्या काळी हे सगळीकडे चालायचं. ऑपरेटर लोकांचा एक साधा नियम होता: ज्या रिळात गोळी सुटत नाही आणि घोडा पळत नाही, ते रीळ काढायचं. लोकांना चुकल्यासारखं वाटत नाही. बारावं रीळ तसं होतं. दोन माणसं, एक दार, एक खुंटी. ऑपरेटरने ते डब्यात ठेवलं, अकरानंतर तेरावं लावलं, आणि खेळ तीनला एक मिनिट असताना सुटला. मालकाने पाठ थोपटली. पंचवीस आठवड्यांनी डबे परत गेले तेव्हा बाराव्या रिळावर एक ओरखडा नव्हता. बाकीची चौदा झिजून गेली होती.

पूर्ण सिनेमा त्या पहिल्या खेळाला आलेल्या साठसत्तर जणांनी पाहिला, आणि त्यातले निम्मे उन्हातून आलेले म्हणून झोपले होते. राहिलेल्यांपैकी कुणी बोललं असेल तर गावाने ऐकलं नाही. टोपीवरच्या चर्चा सुरू झाल्या तेव्हा ऑपरेटरला गंमत वाटली होती. चार वर्षांनी वाटेनाशी झाली. पण एकदा गावाला टोपी घातली की ती काढायची कशी, हे कुठल्याच रिळात नसतं. निदान त्याने दाखवलेल्या रिळांत नव्हतं.

दुपारी घरी कुणी जेवलं नाही. बायको भांडी जरा जोरातच ठेवत होती. मुलगी आतल्या खोलीत बॅग भरत होती. पाचच्या बसने तिला परत जायचं होतं. ऑपरेटर दारात जाऊन उभा राहिला. चौकटीला हात लावला, काढला, पुन्हा लावला.

"बारावं रीळ मी काढलं होतं," तो म्हणाला.

ती घड्या घालत राहिली. "माहितेय मला."

"माहितेय?"

"बाबा, मी त्या डब्यांवर बसून तुमचा सिनेमा पाठ केला होता. स्टुडिओत पहिल्यांदा मूळ पाहिला तेव्हाच कळलं. तो शर्ट ठेवला का मी?" तिने इकडेतिकडे पाहिलं. "म्हणून तर तुम्हाला विचारलं सगळ्यांसमोर. वाटलं, तुम्ही सांगाल. हसतील सगळे, तुम्हीही हसाल. मला काय माहीत..."

त्याच्या हातात टोपी होती आणि ती कुठे ठेवावी हे त्याला समजत नव्हतं.

"चुकलो," तो म्हणाला.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली, आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन तिने बॅगची चेन ओढली. ती अडकली. ऑपरेटरने पुढे होऊन सोडवली. फिल्मची अडकलेली पट्टी सोडवण्यात त्याचा हातखंडा होता.

तिला बसमध्ये बसवून तो सरळ सलूनमध्ये आला. रविवार असल्यामुळे आम्ही सगळे होतोच. ड्रॉइंगमास्तर खुर्चीत, गळ्याभोवती पांढरं कापड, अर्धी दाढी झालेली.

ऑपरेटरने उभ्याउभ्या सगळं सांगितलं. तीनचा खेळ, बांगडी, मालक, डबा. इतका वेळ बोलताना त्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं. तो थांबला तेव्हा सलूनवाल्याने हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाप आहेस. समजू शकतो. पोरीसाठी माणूस काहीही बोलतो."

"मी खरं सांगतोय."

"सकाळी खरं सांगितलंस की, सगळ्यांसमोर," ड्रॉइंगमास्तर फेसातून म्हणाले. "आता मायेपोटी बोलतोयस. चांगलं आहे. आम्ही तुझ्या मुलीला काही बोलणार नाही, जा."

अडतीस वर्षं गप्प राहिला तर विश्वास. एकदा बोलला तर दया. ऑपरेटर जायला वळला, दारापर्यंत गेला, आणि परत आला.

"मग टोपी कुठे गेली?" त्याने विचारलं.

"कुठली टोपी?"

"शेरीफची. अकराव्या रिळात आहे, तेराव्यात नाही. वाऱ्याने उडाली म्हणतोस. सबंध सिनेमात वारा कुठे आहे? धूळसुद्धा घोडे उडवतात." मग मास्तरांकडे वळून तो म्हणाला, "आणि तुम्ही केळं शिकवता ते समोर ठेवून. प्रतीक म्हणून नाही. आज सकाळी सगळ्यांनी ती खुंटीला पाहिली. दोनदा. तिच्या फोनमध्येही."

सलूनवाल्याचा वस्तरा हवेत थांबला. आरशात सगळे एकमेकांना दिसत होते, त्यामुळे कुणालाच कुठे बघावं ते कळेना.

"म्हणजे," ड्रॉइंगमास्तर म्हणाले. फेस सुकायला लागला होता. "म्हणजे आम्ही अठरा वेळा पाहिला, तो मूळ नव्हताच?"

"नाही. तो मी केलेला होता," ऑपरेटर म्हणाला. "पहिला रिमेक माझाच. आणि तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. त्याने सगळा माणूस बदलला."

सलूनवाल्याने वस्तरा पुसला, पुन्हा पुसला. ज्याचा कान त्याने एके काळी कापला होता तो गृहस्थ तिथेच बाकावर बसून पेपर वाचत होता; सलूनवाल्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि मास्तरांची उरलेली दाढी करायला घेतली.

आठच्या सुमाराला मुलीचा फोन आला. ती पोचली होती.

"सांगितलं का?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

ऑपरेटरने जरा विचार केला. मी सलूनमधून त्याच्याबरोबर चालत आलो होतो, त्याच्या ओट्यावर बसलो होतो. मला त्याचा डावा डोळा दिसत होता.

"म्हणाले, मूळ ते मूळच."

"कुठलं मूळ, बाबा?"

"ते नाही सांगितलं त्यांनी," तो म्हणाला. मग फोन दुसऱ्या कानाला लावून, हळू आवाजात, "तुझं नाव पडद्यावर आलं ना, तेव्हा मी नीट बघितलंच नाही. मान खाली होती माझी. उद्या अकराच्या खेळाला जातो परत. पूर्ण बघतो."