ओढलं तर सुटणारा पट्टा

चामराजपेटच्या आमच्या गल्लीत कुणाच्या गळ्यात काहीही दिसलं, की अक्का त्यात दोन बोटं घालून बघत. मग तो कुत्र्याचा पट्टा असो, शाळेत निघालेल्या पोराचा टाय असो, नाहीतर देवळासमोरच्या गाईचं दावं असो. बोटं सहज शिरली तर म्हणत, "सरी," म्हणजे ठीक. नाही शिरली तर कुणाला न विचारता तिथल्या तिथे सैल करत. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या ऑफिसच्या ओळखपत्राच्या फितीत बोटं घातली आणि काळजीने विचारलं, "तुला पण बांधलंय?" मी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात खरेदी खात्यात आहे, ते कार्ड दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत, असं मी समजावून सांगितलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसानंतर मलाही ते पूर्वीइतकं पटेनासं झालं.

ती भेट एका बोक्यामुळे झाली. मी पुण्याहून बदली होऊन आले आणि आठवडाभरात एक नारिंगी बोका माझ्या घरात स्वतःच्या घरासारखा वावरू लागला. मी त्याचं नाव भोपळ्या ठेवलं. आता याच्या गळ्यात पट्टा हवा, म्हणजे तो कुणाचा तरी आहे हे लोकांना कळेल, असं ठरवून मी दुकानात गेले. कन्नडमध्ये मांजराला 'बेक्कु' म्हणतात आणि हवं असेल तर 'बेकू', एवढा अभ्यास मी बसमध्ये केला होता. प्रत्यक्षात तोंडातून जे बाहेर पडलं त्याचा अर्थ "हवाय पट्टा हवाय" असा झाला असावा, कारण दुकानदाराने घाईघाईने माझ्यापुढे पुरुषांच्या पँटचे पट्टे मांडले. मग मी म्यांव म्यांव करून दाखवलं. दुकानातलं एक जोडपं माझ्याकडे वळून बघायला लागलं.

पुढचा गोंधळ निवडीचा. घुंगरांचा, चमकीचा, अंधारात चकाकणारा, कुत्र्याला चालणारा, दोघांनाही चालणारा. शेवटी त्यातल्या त्यात मजबूत बघून मी एक लाल पट्टा घेतला. त्याचं बक्कल इतकं पक्कं होतं की मलाच उघडता येईना. दुसऱ्या दिवशी भोपळ्या मोकळ्या गळ्याने परत आला. मी तसलाच दुसरा आणला, तोही गेला. गल्लीत पट्टेचोर आहे अशी माझी खात्रीच पटली. आणि मग एका सकाळी महाराज स्वतःच नवा पट्टा घालून आले. बारीक इलॅस्टिकचा, घरी शिवलेला, आणि त्याला पत्र्याची एक चकती. चकतीवर कन्नड अक्षरं रंगवलेली.

मला कन्नड वाचता येत नाही. मी चकती खालच्या नारळवाल्याकडे नेली. त्याने ती जवळ धरून वाचली, लांब धरून वाचली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याची थट्टा करतेय. "मेडम, अक्षर कन्नडा है. बात कन्नडा नहीं है."

"पण लिहिलंय काय?"

त्याने एकेक अक्षर लावलं. "मा... झा... आ... हे."

मी पायरीवरच बसले. या गल्लीत, कन्नड अक्षरांत, कुणीतरी माझ्याशी मराठीत भांडत होतं! नारळवाल्याला मात्र आता उलगडा झाला. "ओ, मराठी क्या? तो वो अक्का का है," असं म्हणत त्याने कोपऱ्यावरचं निळ्या दाराचं घर दाखवलं.

अक्कांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, शाळा कन्नड. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. बोलायला मराठी, लिहायला कन्नड आणि रागवायला दोन्ही, असा त्यांचा कारभार. माझे दोन्ही लाल पट्टे त्यांच्या स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्यात होते, मधोमध कापलेले.

"चोरी नाही गं, कापला," त्या म्हणाल्या. "मांजर झाडावर चढतं, गजातनं जातं. असलं बक्कल अडकलं तर कुत्रं बोंबलतं तरी. मांजर गप्प लटकतं." मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आमची चिंगी तशीच गेली. पट्टा मीच बांधलेला."

मग त्यांनी मला कॉफी दिली आणि आपला नियम सांगितला. "कुत्र्याचा पट्टा धरायला, मांजराचा सुटायला. एवढं ध्यानात ठेव."

"पण अक्का, हा बोका नक्की कुणाचा?"

"गुंडू? माझा. तुझा पण. सुम्ने वाद कशाला?"

सुम्ने म्हणजे उगीच. हा शब्द त्या कशालाही लावत. सुम्ने आले, सुम्ने रडले, सुम्ने आमटी जास्त केली, घेऊन जा. त्यांच्या मराठीत मी रोज हरवायची. 'स्वल्प थांब' म्हणजे थोडं थांब, हे मला कळलं होतं, पण अक्कांचं स्वल्प कधी संपेल याचा अंदाज मला अखेरपर्यंत आला नाही. ऑफिसातून आले की मी तिकडेच जायची. परक्या गावात कुणीतरी आपल्यावर मराठीतून ओरडतं, याचं किती सुख असतं ते मला तिथे कळलं.

त्यांचा कुत्रा सुबेदार, वयस्क आणि हट्टी. एकदा त्याला फिरायला नेताना अक्कांनी त्याला मांजराचा इलॅस्टिकचा पट्टा घातला आणि साखळी त्यालाच अडकवली. सुबेदारने एक हिसका दिला, पट्टा नियमाप्रमाणे सुटला आणि स्वारी थेट बसच्या रस्त्याला लागली. नारळवाल्याने धावत जाऊन त्याला धरलं म्हणून वाचला. आम्ही सगळे हसत होतो. अक्का हातातल्या रिकाम्या साखळीकडे बघत उभ्या होत्या. पट्ट्यांच्या बाबतीत ज्या बाईची कधी चूक होत नसे, तिची झाली कशी, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मग त्या मला सुधा म्हणू लागल्या. सुधा त्यांची लेक, हुबळीला असते. मग एका संध्याकाळी एक रिक्षावाला त्यांना घेऊन आला. मार्केटजवळ उभ्या होत्या, म्हणाला, गल्लीचं नाव सांगता येत नव्हतं. "मी नाही हरवले. त्यांनी रस्ता बदललाय," अक्का ठणकावून म्हणाल्या. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात तिथली वाहतूक खरोखरच उलटी केली होती. त्यामुळे हरवलं कोण, अक्का की रस्ता, हेही मला धड ठरवता येईना.

सुधाताई धावत आली ती स्टीलची साखळी घेऊनच. साखळीला एक बिल्ला, त्यावर नाव आणि फोन नंबर कोरलेला. "आई, हे गळ्यात घाल, नाहीतर माझ्याकडे चल. तिसरं काही चालणार नाही."

अक्कांनी साखळीत दोन बोटं घातली. ती सैल होती. मग त्यांनी ती जोरात ओढली. काही झालं नाही.

"बेडा, नको," अक्कांनी साखळी टेबलावर ठेवली. "मी काय सुबेदार?"

सुधाताई रडायला लागली. "तू सांग गं हिला," दोघीही मला म्हणाल्या. मी काय सांगणार? लेकीची भीती खरी होती आणि गळा आईचा होता. मी एकीकडे बघून मान हलवायची, मग दुसरीकडे बघून.

शेवटी अक्काच म्हणाल्या, "मांजराचा दे. ओढलं तर सुटणारा."

"आणि सुटला तर? मग उपयोग काय त्याचा?" सुधाताईने विचारलं.

"सुटला तर आई अजून झाडावर चढते म्हण."

सुधाताईला रडता रडता हसू आलं. हुबळी लांब, म्हणून बिल्ल्यावर माझा नंबर घातला. इलॅस्टिक मी शिवलं, मुद्दाम एकेरी कच्च्या दोऱ्याने. अक्कांनी ओढून पाहिलं, टाका उसवला, त्या खूश झाल्या. मी तो पुन्हा तसाच घातला.

त्यानंतर अधूनमधून मला फोन येऊ लागले. कधी फुलवालीचा, कधी बसच्या कंडक्टरचा, "मेडम, अम्मा इल्लि इद्दारे." अम्मा इथे आहेत. मी जाऊन आणायची. वाटेत अक्का कोथिंबीर घ्यायच्या, म्हणजे आपण बाजारालाच आलो होतो असं दिसावं. एक दिवस टाका उसवेल आणि फोन येणार नाही, अशी धास्ती मला सतत असायची. पण पट्टा टिकला. माझी शिलाई बरी दिसते, असं मला वाटलं.

मग गॅस उघडा राहिला. शेजाऱ्यांना वास आला म्हणून निभावलं, पण सुधाताईने यावेळी काही ऐकलं नाही. गाडी दारात आली. सुबेदार मागच्या सीटवर बसला, बोका कुणाच्याच हाती लागला नाही. अक्का निमूटपणे बसल्या.

"आता हा कशाला? मी आहे ना," असं म्हणत सुधाताईने त्यांच्या गळ्यातला पट्टा ओढला. तो सुटला नाही. तिने पुन्हा ओढला. अक्कांनी बिल्ला मुठीत घट्ट धरला.

मी वाकून मागून पाहिलं. माझा कच्चा दोरा तिथे नव्हताच. काळा, जाड, दुहेरी दोरा होता, टाक्यावर टाका, वेडावाकडा. कात्रीनेही सहज सुटला नसता.

"अक्का, हे कधी शिवलंत?"

त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती बॅग ठेवायला मागे गेली होती. "भीती वाटली तेव्हा," त्या हळूच म्हणाल्या. "राहू दे. हुबळीत मला कोण ओळखतं?"

गाडी गेली. मला त्यांचा राग आला. आमच्यासमोर एवढ्या तोऱ्यात सुटणारा पट्टा मागणारी ही बाई कुठल्या दुपारी एकटी बसून तो पक्का करत होती, कुणास ठाऊक.

बिल्ल्यावर नंबर अजून माझाच आहे. कर्जवाले, विमावाले, चुकून लागलेले, कुठलाही अनोळखी फोन आला तरी मी उचलते.