समुद्राकडची खिडकी

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. घरांचे नकाशे काढायला शिकते. म्हणून बाबांनी नव्या घराचा नकाशा मलाच काढायला सांगितला, तेव्हा आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली. बाबा गणपती करतात. आचऱ्याला आमच्या राहत्या घराच्याच एका खोलीत त्यांची गणपतीची शाळा आहे. लोक आषाढापासून आपापले पाट आणून देतात आणि बाबा त्या त्या घरच्या पाटावर मूर्ती घडवतात. जागा अपुरी पडू लागली होती. आता घर आणि शाळा दोन्ही नव्याने, एकाच छपराखाली बांधायची होती.

नकाशा मी हॉस्टेलवर काढला, मार्च महिन्यात. शाळेची खोली पश्चिमेला घेतली आणि समुद्राकडे जवळजवळ भिंतभर खिडकी दिली. काम करणाऱ्याने मान वर केली की समोर समुद्र दिसावा, एवढंच डोक्यात होतं. सरांनी तो नकाशा वर्गात सगळ्यांना दाखवला. बाबांनी शाळेच्या भिंतीवर चिकटवला.

श्रावणात घरी आले, तेव्हा पाट घेऊन आलेले शेजारचे काका त्या नकाशासमोर उभे होते.

"समुद्राक तोंड करून गणपती करतलस? देवाक पडसा होतला मरे!"

"माझ्या चेडवान काढल्यान," बाबा म्हणाले. "कॉलेजात शिकता ता. तुका काय कळता त्यातला?"

शाळेत बसलेले सगळे हसले, मीही हसले.

त्याच दुपारी समुद्राकडून पावसाची सर आली. बाबा मातीच्या हातांनीच उठले, पश्चिमेच्या वीतभर खिडकीला फळी लावली, फटीत गोणपाट कोंबलं आणि परत येऊन बसले. सर थांबली की फळी काढायची, आली की लावायची. चार वेळा तरी उठले असतील. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी मात्र उत्तरेच्या दारात बसून, समुद्राकडे पाठ करून. हे सगळं मी लहानपणापासून बघत आले होते. ते गोणपाट कितीदा मीच धरलं होतं. तरी नकाशा काढताना मला मार्चमधला निळा समुद्रच आठवला. शाळा भरते ती पावसात, हे सुचलंच नाही.

 हे बाबांना सांगायला सरांनी केलेलं कौतुक आड येत होतं आणि बाबांचं ते "माझ्या चेडवान काढल्यान" त्याहून जास्त. परत कॉलेजात गेले. वहीत गुपचूप दुसरा नकाशा काढला, पण दाखवायचा धीर होईना. एकदा भिंती उभ्या राहिल्या की बाबा जन्मभर त्या खिडकीशी झगडत राहतील, हे मला दिसत होतं.

दिवाळीनंतर, मी सुट्टीत घरी असतानाच, गवंडी आले. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, आखणीसाठी चुन्याची फक्की टाकायला घेतली. पश्चिमेच्या कोपऱ्यात थांबून नकाशाकडे बघत म्हणाले, "हय भिंत नायच काय? नुसती खिडकी?"

"ता सांगता तसाच करा," बाबा म्हणाले.

 "बाबा, ती खिडकी चुकली हा," मी म्हटलं. "पावसाचा इचारच केलंय नाय."

 बाबांनी असा लांब श्वास सोडला, जणू डोक्यावरचा भारा उतरवला.

"माकाव तसाच वाटत होता गो."

"मगे सांगलात कित्याक नाय?"

"तुझ्या सरांका आवडलो नकाशो. मगे मी कोण सांगणारो? म्हटलंय, पावसात माडाच्या झावळ्यांची झडी बांधूया, झाला."

भिंतभर खिडकी बांधायची आणि दर पावसात ती झावळ्यांनी झाकायची! गवंडी फक्की खाली ठेवून हसायला लागले. मीही हसले, डोळे पुसत. वही आणून दाखवली. शाळा उत्तरेला, पश्चिमेला सलग भिंत, आणि त्या भिंतीबाहेर काम संपल्यावर बसायला एक बाकडं. बाबांनी स्वतः खुंटी उपटली आणि उत्तरेला नेऊन ठोकली.

यंदाच्या श्रावणात नव्या शाळेत रंग कालवताना पश्चिमेच्या भिंतीवर सरीचा नुसता आवाज येत होता. काका पाट ठेवायला आले आणि नव्या नकाशासमोर थांबले.

"ह्योव चेडवानच काढल्यान," बाबा सांगत होते. "आधी चुकलेला. मगे आपणहून सांगल्यान."

मी मान वर केली नाही. रंग कालवत राहिले. पण लाजही वाटली नाही.