‘बघू’चं इंग्रजी

तोंडी होकार माणसाला कायद्याने बांधतो का, हा प्रश्न मला पन्नाशीत पडला. सिंगापुरात, बेडोकच्या आमच्या फ्लॅटवर टीव्ही कंपनीतल्या मुलीचा फोन आला होता. नवं स्पोर्ट्स पॅकेज दोन वर्षांसाठी घेणार का, असं ती गोड आवाजात विचारत होती. आपल्याकडे थेट नाही म्हणत नाहीत, ‘बघू’ म्हणतात. मी त्याचं जागच्या जागी इंग्रजी केलं, “विल सी, विल सी.” आठवड्याभरात पॅकेज चालू!

बायको म्हणाली, “अहो, टीव्हीवाल्यांना ‘बघेन’ म्हटल्यावर ते दाखवणारच ना?”

आता दोन वर्षं अडकलो की काय? मी शेजारच्या वकीलबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, “सही नसली तरी तोंडी करार बांधू शकतो. पण तुमच्या मनात काय होतं याला अर्थ नाही. ऐकणाऱ्या शहाण्या माणसाला काय वाटलं असतं, ते महत्त्वाचं.”

म्हणजे माझी सुटका एका अनोळखी शहाण्याच्या कानांवर अवलंबून होती! मला फारच उत्सुकता लागली. कंपनीला फोन करून मी ते रेकॉर्डिंग तपासायला लावलं.

सुपरवायझरबाईंनी ते ऐकून विचारलं, “सर, यू सेड विल सी. सी व्हॉट?”

“नथिंग, मॅडम. ओन्ली थिंकिंग.”

त्या खळखळून हसल्या. “अय्यो, देन से ‘सी हाऊ’, लाह!”

‘सी हाऊ’ हा सिंगापुरी ‘बघू’ मला तेव्हा कळला. पॅकेज रद्द झालं. हल्ली कंपनीचा फोन आला की बायको तो माझ्या हातातून काढूनच घेते.