कॅसेट अडकलेला रेडिओ

गाडीतला रेडिओ बदलायचा नाही, हे मी यादीत सगळ्यात वर लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं. त्या रेडिओत कॅसेट अडकली होती आणि कॅसेटमध्ये माझ्या आत्याचे धवले होते.

आम्ही आगरी. आमच्या लग्नात मांडवापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. धवलारीण गायला लागते तेव्हाच तो विधी सुरू होतो. आत्या आमच्या गावची धवलारीण. गेल्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजाची नुसती कुजबुज उरली. रविवारी भाचीची हळद होती. धवले मी म्हणायचे, असं आत्यानेच फर्मावलं होतं. पण शब्द विचारले की हात झटकायची.

"गाताना आठवतात गो. बोलताना न्हाय."

भावाच्या लग्नात कुणीतरी मांडवात टेपरेकॉर्डर ठेवला होता, तेवढी एकच कॅसेट आमच्याकडे होती. ती माझ्या जुन्या गाडीत वाजायची, पण बाहेर यायची नाही. दारातले स्पीकर फाटलेले, त्यामुळे ढोलकी कळायची आणि शब्द खरखरीत बुडायचे.

न्हावा शेव्याच्या रस्त्यावर, ट्रेलरच्या रांगेसमोर, गाड्यांचं वायरिंग करणाऱ्याचं दुकान आहे. त्याने पहिल्यांदा सांगितलं ते सगळ्यांना सांगत असणार.

"ताई, हा डबा काढा. टचस्क्रीन लावतो, मोबाइलवरून काय पायजे ते वाजवा."

"ही गाणी मोबाइलवर नाहीत."

त्याने टॉर्च मारून रेडिओच्या फटीत पाहिलं. "ओढली तर फीत तुटंल," म्हणाला.

मग आम्ही ठरवलं ते असं. रेडिओ तसाच राहील. डॅशबोर्डच्या खालून, स्पीकरला जाणाऱ्या तारांवर एक छोटा कन्व्हर्टर बसेल, तिथून आवाज सीटखालच्या अ‍ॅम्पला जाईल आणि अ‍ॅम्पमधून दारातल्या नव्या स्पीकरना. कन्व्हर्टरचीच दुसरी वायर मोबाइलला, रेकॉर्डिंगसाठी. मी याचे अकरा टप्पे लिहिले. पहिला, बॅटरीची वायर काढणे. रेकॉर्डिंग दहावं, आवाज तपासून झाल्यावर.

गुरुवारी सकाळी आत्याला घेऊन गेले. तिला पंख्याखाली खुर्ची दिली. बॅटरीजवळ कारागीर घुटमळला.

"ताई, वायर नका काढू. काही रेडिओ मग कोड मागतात."

"आमच्या यार्डात वायरिंगला हात लावायच्या आधी बॅटरी सुटते," मी म्हटलं. ट्रेलरच्या यार्डात मी वीस वर्षं काम करते. तिथला नियम मी कुणासाठी मोडत नाही.

"तुमची गाडी, तुमची यादी," तो म्हणाला आणि त्याने पाना लावला.

दुपारपर्यंत सगळं बसलं. बॅटरी जोडली, रेडिओ लावला. पडद्यावर कोडसाठी चार रिकाम्या रेघा आल्या. टेपचं बटण मेलं होतं.

त्याने पटकन चार शून्यं दाबली. चूक.

"विचारल्याशिवाय दाबू नका!" मी ओरडले. मग मीच गाडीच्या नंबरातले चार आकडे दाबले. तेही चूक.

"आता थांबा," तो म्हणाला. तिसऱ्यांदा चुकलं तर रेडिओ तासभर बंद पडेल की कायमचा, हे त्यालाही नक्की माहीत नव्हतं.

गाडी मी माणगावच्या एका निवृत्त मास्तरांकडून घेतली होती. त्यांना फोन लावला. "कोडचं कार्ड पुस्तिकेत ठेवलेलं होतं, बाई. एवढुसं." मला ते कार्ड आठवलं. गाडी घरी आली त्याच दिवशी मी फाइल लावली होती आणि कशाचे ते न कळलेले सगळे कागद फाडून टाकले होते.

आत्या खुर्चीवरून बघत होती. "काय झाला?" तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं.

"तुझ्या फायलीत सगला असतो नं?" ती कुजबुजली.

एकच वाट होती. रेडिओच्या पाठीवर नंबर असतो, त्यावरून कोड मिळतो. म्हणजे रेडिओ बाहेर ओढायचा, आतल्या कॅसेटसकट. कारागिराने दोन्ही बाजूंना पातळ पट्ट्या घातल्या आणि रेडिओ बोटभर बोटभर सरकवला. मी खालून दोन्ही हात धरले होते. आत काहीतरी खट् वाजलं. आम्ही दोघंही थांबलो. मग तो पुन्हा बाहेर ओढू लागला.

नंबराचा फोटो त्याने ओळखीच्या माणसाला पाठवला. पाऊण तास गेला. ट्रेलर सरकत होते, आत्या पदराने तोंड पुसत होती. शेवटी चार आकडे आले. मी ते दोनदा वाचून दाखवले, त्याने एकेक दाबला. रेघा गेल्या.

"टेप लावू? आधी स्पीकर तपासू, मग रेकॉर्डिंग, तुमचा दहावा नंबर."

"नको. आधी मोबाइल जोडा."

आवाज आला तेव्हा मी दारच धरलं. शब्द न् शब्द सुटा होता. आत्या उठून पुढच्या सीटवर येऊन बसली आणि डोळे मिटून ओठ हलवू लागली. मांडवाचा झाला, तेलाचा झाला, हळद दळण्याचे दोन झाले. हळद लावण्याच्या मध्यावर आवाज जड झाला, खाली बुडाला आणि फीत आत गुंडाळत गेल्याची चरचर आली. कारागिराने झडप घालून बटण बंद केलं.

"गेली," तो म्हणाला.

हळद उतरवण्याचा धवला अजून यायचा होता. तोच सगळ्यात लांब. मी मोबाइल पाहिला. साडेचार गाणी.

आत्याचे ओठ मात्र थांबले नव्हते. रेडिओ बंद होता आणि ती पुढची ओळ म्हणत होती, सुराशिवाय, नुसत्या श्वासावर. मी वायर उपटली, मोबाइल तिच्या तोंडाशी धरला. कारागिराने हात लांबवून पंखा बंद केला.

हळद लावण्याचा धवला संपला. ती न थांबता हळद उतरवण्याच्या धवल्यावर गेली. दोन ओळी झाल्यावर तिने डोळे उघडले.

"ऐकतंस काय नुसती? माझ्या मागून बोल."

मी बोलू लागले.