रिकामा परत गेलेला डबा

आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालतात, पण घालतात. आईने हे मला कधी बसवून शिकवलं नाही. शेजारणीची वाटी परत द्यायला मी निघाले की तिचा हात आपोआप साखरेच्या बरणीकडे जायचा, तेवढंच. त्यामुळे मागच्या वर्षी मी माझ्या सख्ख्या बहिणीचा डबा घासूनपुसून, कोरडा करून, रिकामा तिच्या हातात दिला, तेव्हा त्याचा अर्थ काय होतो हे मला माहीत होतं आणि तिलाही.

ताई माझ्याहून बरीच मोठी. लग्न होऊन पुण्यात आली, बिबवेवाडीत राहते, आणि आता इतकी पुणेकर झाली आहे की रिक्षावाल्याशी भांडतानाही त्याला 'आपण' म्हणते. मनापासून रागावली तरच तिच्या तोंडून वऱ्हाडी बाहेर पडते. माझं लग्न मोडलं तेव्हा मला नागपूरहून इकडे घेऊन आली ती ताईच. धायरीतली ही भाड्याची जागा तिने शोधली, शेगडी तिने आणली, पडदे तिच्या घरचे जुने. पहिले काही महिने मी जेवत होते, कारण ती डबा घेऊन यायची आणि समोर बसायची. हे सगळं आधीच सांगून टाकते. पुढे जे येणार आहे त्यात ती वाईट दिसेल, आणि ती वाईट नाही.

जागेच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, दुसरी ताईकडे. दर मंगळवारी मी ऑफिसातून परतायच्या आधीच ती येऊन बसलेली असायची. दाराबाहेर तिच्या चपला, आत फोडणीचा वास. आधी मला त्या चपला दिसल्या की बरं वाटायचं. मग हळूहळू लक्षात यायला लागलं की माझं कपाट लावून झालेलं आहे, फ्रिजमधलं अर्धं सामान टाकून दिलेलं आहे, आणि उशीखालच्या माझ्या झोपेच्या गोळ्या मोजून झालेल्या आहेत. चहापत्तीचा डबा तर तिने एकदा इतक्या व्यवस्थित जागी ठेवला की मला आठवडाभर कॉफी प्यावी लागली.

कुणाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीचा काय बाऊ करायचा. पण मी ज्या घरातून निघून आले होते तिथे आतून कडी लावायची पद्धत नव्हती. सासूबाई आमच्या खोलीत कधीही यायच्या. माझा फोन, माझी पर्स, माझ्या आईची माझ्याशी चाललेली बोलणी, सगळं सगळ्यांचं. कपडे बदलताना मी दाराला पाठ लावून उभी राहायचे. अकरा वर्षं. धायरीत पहिल्यांदा दाराला आतून कडी लावली, तेव्हा मी तिथेच फरशीवर बसून रडले होते. मी तेव्हा ज्या समुपदेशक बाईंकडे जात होते त्यांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग ती कडी सांभाळा. बाकीचं आपण सावकाश बघू." कडी सांभाळायचीच तर किल्लीचं काय, हे मी त्यांना विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं आणि ते नको होतं.

मग एका मंगळवारी घरी आले तर दाराबाहेर चपलांचे दोन जोड होते. आत माझ्या खुर्चीत, माझ्या कपात, माझ्या सासूबाई चहा पीत बसल्या होत्या.

"नात्यात कुणाच्या तरी लग्नाला पुण्यात आल्यात," ताई घाईघाईने म्हणाली. "म्हटलं, समोरासमोर बोललात तर काहीतरी मार्ग निघेल."

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "बारीक झालीस. बस ना, चहा घे." माझ्याच घरात मला बसायला सांगत होत्या. मी नमस्कार केला. संस्कार नको तिथे कामाला येतात. मग बाथरूममध्ये गेले, कडी लावली, नळ सोडला आणि त्या जाईपर्यंत बाहेर आले नाही. त्या रात्री झोप आली नाही, आणि पुढचे कित्येक दिवस आली नाही. महिनोन्‌महिने खपून जमवलेलं सगळं एका चहात गेलं, असं मला वाटलं. ताईचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी फोन करून तिला सांगितलं, "किल्ली परत दे. आणि यायचं असेल तर विचारून ये."

"काहून वं? मी काय परकी झाली का?" मग जरा थांबून शुद्ध पुणेरीत, "विचारून यायला मी काय गॅस सिलिंडर आणते?"

मला वाटलं, निदान ऐकलं तरी. पुढच्या मंगळवारी घरी आले तर चपला नव्हत्या. ओट्यावर मात्र तिचा स्टीलचा डबा होता, गरम. ती येऊन, दार उघडून, ठेवून गेली होती. आत पाटवडीचा रस्सा. माझ्या आवडीचा, आईच्या हातासारखा. तो मी ओट्याशी उभ्याउभ्याच खाल्ला, रडत रडत, बोटं चाटून. मग डबा घासला, पुसला आणि तसाच घेऊन बिबवेवाडीला गेले.

ताईने दारातच झाकण उघडून पाहिलं. सवयीने. मग झाकण लावलं. आत गेली, खुंटीवरची माझी किल्ली काढून आणली आणि माझ्या तळहातावर ठेवली. पाणी हवं का, असंही तिने विचारलं नाही. आमच्याकडे हेही कधी होत नाही.

त्यानंतरचे महिने कसे गेले हे सांगायला फारसं काही नाही, कारण त्यात कुणी नाही. झोप परत आली, हे खरं. आठवड्यातून एकदा दार बंद करून घरात नुसती बसायचे आणि कुणी येणार नाही याचा आनंद व्हायचा. मग कुणी येणार नाही हेच डोक्यात राहायचं. रविवारी मंडईत जायला लागले, तेवढीच माणसं दिसतात. एकदा सवयीने सांभार मागितला, तर भाजीवाली म्हणाली, "तो समोर हॉटेलात मिळतो, इडलीबरोबर." आमच्या विदर्भात कोथिंबिरीला सांभार म्हणतात. मी हसले आणि हे आता ताईला सांगू म्हणून फोन काढला, मग पिशवीत परत ठेवला. थंडीत ताप आला. दोन्ही किल्ल्या माझ्याच दाराच्या मागे लटकत होत्या. अंथरुणातून त्या दिसायच्या. मला काही झालं तर सोसायटीला दार तोडावं लागेल, असा विचार आला, आणि मी कूस बदलली.

परवा सुट्टीच्या दिवशी बेल वाजली. पार्सल असेल म्हणून दार उघडलं, तर ताई. मी तिला बेल वाजवताना कधी ऐकलंच नव्हतं. तिने डबा पुढे केला.

"आत ये ना," मी म्हटलं.

"नको. खाली रिक्षा थांबवली आहे."

आमच्या गल्लीत रिक्षा थांबत नाही, कुणासाठीच नाही. मी डबा घेतला. गॅलरीतून पाहिलं तर ती गुडघा धरून, सावकाश, बसस्टॉपकडे चालत निघाली होती. हाक मारावी असं फार वाटलं. कठडा धरून तिथेच उभी राहिले.

डबा घासून झाला तेव्हा मी दारामागची दुसरी किल्ली काढली आणि डब्याजवळ घेऊन बराच वेळ उभी राहिले. मग ती परत खुंटीवर लावली. मंडईतून आणलेली सांभाराची जुडी होती. सांभारवडी केली, बऱ्याच दिवसांनी, आणि डबा गच्च भरला. मग ताईला फोन लावला.

"मंगळवारी घरी आहेस का? येऊ का?"



"सहानंतर ये," ती म्हणाली. "त्याआधी मी नसते."

मंगळवारी सहाच्या आधी ती आता कुठे जाते, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही. बरं म्हटलं.