पावलांशेजारी लाल

आमचे धाकटे भाऊजी तेहतीस वर्षं एका गॅरेजमध्ये गाड्या रंगवत होते. पोचलेल्या पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पॉलिश पेपरनं घासायची आणि गाडीला जन्मात कधी ओरखडा उठला नाही असं वाटावं इतका बेमालूम रंग मारायचा. निवृत्त झाले आणि त्यांनी उलटंच काम धरलं. वीतभर लांबीचे प्लास्टिकचे लष्करी ट्रक नि रणगाडे जोडायचे, सुरेख रंगवायचे आणि मग मुद्दाम मळवायचे. गंज, तेलाचे ओघळ, धुराची काजळी, सगळं ब्रशनं. गल्लीत त्यांचं नाव गंजकाका पडलं.

मला या छंदाचा मनस्वी तिटकारा होता, खोटं कशाला बोलू. मागच्या खोलीतून थिनरचा वास थेट दुधाच्या सायीपर्यंत यायचा. चहाची गाळणी दोनदा त्यांच्या रंगात गेली. "मी दिवसभर घासून काढते तेच तुम्ही बसून लावता," मी म्हणायचे. त्यावर ते शांतपणे म्हणत, "फरक एवढाच वहिनी, माझी घाण लोक बघायला येतात."

गेल्या वर्षी त्यांनी हिवाळ्याचा देखावा करायला घेतला. बर्फात अडकलेला एक ट्रक. त्यासाठी त्यांनी काय काय केलं ते मी उंबऱ्यात उभी राहून पाहिलेलं आहे. आधी ट्रक हिरवा रंगवला. त्यावर हेअरस्प्रे मारला. (केस तर कधीच गेलेले, त्यामुळे दुकानदार दर वेळी त्यांच्याकडे बघून हसायचा.) स्प्रे वाळल्यावर पातळ पांढरा रंग, सैनिक हिवाळ्यात गाडीवर घाईघाईनं चुना फासतात तसा. मग ताठ ब्रश पाण्यात बुडवून हळूहळू घासायचं. खालचा स्प्रे विरघळतो, पांढरा रंग सुटतो आणि हिरवा डोकावतो. पण कुठेही घासून चालत नाही. जिथं हात पडतो, जिथं बूट टेकतो, तिथलीच सफेदी जाणार. दाराच्या मुठीभोवती, पायरीच्या कडेला, बॉनेटच्या कडीपाशी. हे शिकायला ते आठवडाभर माझ्या फ्रिजच्या दाराचे डाग बघत बसले होते. बर्फासाठी फ्रिजर. "डिफ्रॉस्ट करू नका, मला तो थर हवाय," असं मला सांगणारा जगात हा एकच माणूस असेल.

बर्फ त्यांनी थर्माकोलवर खाण्याचा सोडा आणि सुताराचा पांढरा गोंद कालवून केला. आणि त्या बर्फावर पावलं. ट्रकचं पुढचं चाक मोडलेलं, दार उघडं, आत कुणी नाही. दारापासून पावलांची एक ओळ निघते आणि देखाव्याच्या कडेला संपते. एका पायाचा ठसा दुसऱ्यापेक्षा खोल. माणूस लंगडत गेला, कुठं गेला, पोचला का, काही कळत नाही. एवढीच ती गोष्ट. चौदा महिने लागले. मला तिटकारा होता, तरी पावलं पाहिली आणि मी गॅस बंद करायचा विसरले.

त्यांच्या छंदमंडळाचं प्रदर्शन संग्रहालयात भरणार होतं. त्यातला एक देखावा संग्रहालय कायमचा दारातल्या काचेच्या कपाटात ठेवणार होतं. भाऊजींना ती जागा हवी होती. तसं तोंडानं म्हणाले नाहीत, पण त्या कपाटाची लांबीरुंदी टेपनं मोजून आले होते.

प्रदर्शनाच्या चार दिवस आधी मंडळाचे अध्यक्ष आमच्याकडे आले. कोटावर कसलेसे बिल्ले लावतात म्हणून आमच्या घरात त्यांना सेनापती म्हणतात. बिस्किटं खात त्यांनी देखाव्याभोवती चक्कर मारली. भुगा बर्फावर पडायचा, भाऊजी तो मऊ ब्रशनं उचलायचे.

"काम अप्रतिम," सेनापती म्हणाले. "पण यात मेलंय कोण?"

"कुणी नाही."

"तेच तर. लढाई आहे आणि कुणी मेलेलं नाही, म्हणजे कसं? दोन माणसं आडवी टाका. थोडं लाल शिंपडा. लोक लालपाशी थांबतात हो, अनुभव आहे माझा." आणि बोटं चाटून त्यांनी तीच बोटं ट्रकच्या टपावर टेकली.

ते गेल्यावर भाऊजींनी टप पुसला. मग म्हणाले, "वहिनी, गॅरेजात अपघाताच्या गाड्या यायच्या. रंग मारायच्या आधी धुवाव्या लागायच्या. एकदा एक मागची सीट मी सकाळपासून दुपारपर्यंत धूत होतो. लाल काही नव्हतं तिथं. काळपट तपकिरी, कडेला पापुद्रे. मालक म्हणाला, गरम पाणी घे. मी गार घेतलं."

"गरमानं डाग पक्का होतो," मी म्हटलं. बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही.

"हो. त्या दिवशी डबा तसाच परत आणला होता मी."

प्रदर्शनाच्या दिवशी भाऊजी, आमचे हे आणि मी असे तिघं पोचलो तोवर हॉल भरला होता. भाऊजींच्या टेबलाशी तर रीघ. मी खूश होऊन दोघांच्या पुढे घुसले, आणि तिथंच थांबले. पावलांच्या बाजूनं, ठशाठशाला, लाल शाईचे थेंब टाकलेले होते. आदल्या संध्याकाळी देखावा तिथं ठेवला होता, त्यानंतर कुणीतरी त्यावर हात चालवला होता. बरं, सोड्यानं ती शाई टिपकागदासारखी शोषली होती. थेंब पसरून बर्फ गुलाबी झाला होता, केकवरच्या क्रीमसारखा. लोक फोन काढून फोटो घेत होते. एक बाई मैत्रिणीला म्हणत होती, "किती खरं वाटतं ना, अंगावर काटाच येतो." तिच्या हातात सरबताचा ग्लास होता.

सेनापती गर्दीतून आले. "थोडा हात फिरवला मी. आभार नकोत. बघा, म्हटलं नव्हतं?"

भाऊजींनी बोटानं बर्फ दाबून पाहिला. शाई थेट थर्माकोलपर्यंत गेली होती. ती काढायची तर बर्फ खरवडायचा, बर्फाबरोबर पावलं जाणार.

तेवढ्यात संग्रहालयाच्या बाई आल्या. चांगल्या बाई होत्या, हसतमुख. "तुमचाच देखावा घ्यायचं ठरलंय. लोक इथून हलतच नाहीयेत. सही तेवढी आजच लागेल, यादी आजच वर जाते."

"हा लाल रंग मी टाकलेला नाही," भाऊजी म्हणाले.

बाईंनी सेनापतींकडे पाहिलं. सेनापतींनी छताकडे. "अच्छा," त्या म्हणाल्या. "पण वाईट नाही दिसत तसा. नाहीतर नंतर कधीतरी दुरुस्त करता येईल."

"दुरुस्त नाही होत. नवा करावा लागेल. दोन महिने द्या."

"यादी आजच जाते हो."

आमच्या यांनी भावाला बाजूला ओढलं. "कर सही. चौदा महिने घातलेस. कपाटात तुझं नाव राहील जन्मभर. लाल आहे की गुलाबी, लोकांना काय पडलंय?"

"तू धुतली नव्हतीस ती सीट," भाऊजी म्हणाले. आवाज चढवला नाही. नंतर बाईंकडे वळून, "मी घेऊन जातो. तुमची टोपली आहे का एखादी?"

टॅक्सीत देखावा माझ्या मांडीवर होता. गुलाबी बर्फ ओलसर, माझ्या तळव्याला चिकटला. साबणाच्या वडीचा तळ असतो तसा लिबलिबीत. घरी येऊन मी हात तीनदा धुतले. भाऊजींनी पातळ पात्यानं ट्रक सोडवून घेतला, बाकी सगळं स्वतः खाली नेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकलं, आणि न जेवता झोपले.

संग्रहालयाच्या दारातल्या कपाटात आता सेनापतींचा रणगाडा आहे. भोवती लालच लाल. मी बाजाराला दुसऱ्या रस्त्यानं जाते.

पंधरवड्यानं टपालानं प्रमाणपत्र आलं. 'सर्वांत जिवंत देखावा, उत्तेजनार्थ पारितोषिक.' खाली सेनापतींची लांबलचक सही. मी ते फाडणारच होते, भाऊजींनी मागून घेतलं.

"कागद जाड आहे," ते म्हणाले.

मागच्या खोलीतून पुन्हा थिनरचा वास येत होता. ताटलीत त्यांनी तपकिरी, काळा आणि थोडा हिरवा कालवला होता.

"हे काय आता?" मी विचारलं.

"चिखल करतोय. त्यात कोणी काही ओतलं तरी चिखलच राहतो," ते म्हणाले आणि ब्रश प्रमाणपत्रावर पुसला, बरोबर सहीवर.