मामांच्या वेबसाइटचं नाव

मला कॉलेजात घातलं ते मामांनी. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे मला सगळं कळतं असा त्यांचा समज होता. वणीजवळच्या आपल्या द्राक्षबागेची वेबसाइट करायचं त्यांनी मनावर घेतलं, तेव्हा त्यांच्यासाठी काहीतरी करायला मिळतंय याचाच मला आनंद झाला.

वेबसाइटसाठी आधी नाव घ्यावं लागतं आणि त्याची मुदत वाढवत राहावी लागते, एवढं मी वाचलं होतं. नावं नोंदवणाऱ्या कंपन्या परदेशातल्या, त्यांना क्रेडिट कार्ड लागायचं. ते आमच्याकडे कुणाकडेच नव्हतं. म्हणून नाशिकला एका गाळ्यात हे काम करून देणाऱ्याकडे आम्ही गेलो.

मामांनी पहिला प्रश्न विचारला, "गाव कोणतं तुमचं?"

"कळवण."

"कळवणात कुणाचे?"

पाच मिनिटांत त्याची चुलत आत्या मामींच्या भावकीत दिल्याचं निघालं. चहा आला. नाव कुणाच्या नावावर नोंदणार, पासवर्ड कुणाकडे राहणार, असे प्रश्न मी वहीत लिहून नेले होते. वही पिशवीतून काढलीच नाही. सोयऱ्याला असं कसं विचारायचं?

दोन हंगाम चांगले गेले. वेबसाइटच्या नावानं मेलचा पत्ताही मिळाला होता; दुबईचा एक व्यापारी त्यावर मेल पाठवून माल मागवायचा. मी सायबर कॅफेत बसून किती पेट्या, मणी केवढा, हे उतरवून घ्यायचो आणि मामांना फोनवर सांगायचो.

तिसऱ्या वर्षी तोडणी तोंडावर आली आणि मेल उघडेनात. वेबसाइटच्या जागी कसल्याशा जाहिराती. गाळ्याला कुलूप.

"पुण्याला गेला म्हणतात," शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला. "या आठवड्यात तुम्ही चौथे."

नाव ज्या परदेशी कंपनीत नोंदवलं होतं तिला मी लिहिलं. उत्तर अगदी नम्र होतं. नाव गाळेवाल्याच्या नावावर होतं, त्यानं मुदत वाढवली नाही, ते सुटलं आणि दुसऱ्या कुणी घेतलं. कंपनी काही करू शकत नव्हती.

मामा ओट्यावर बसून ऐकत होते. "म्हंजी बाग आपण लावली अन् सातबारा त्याच्या नावावर?"

"हो."

"अन् तू पाह्यला नाय?"

"त्याला कशाला बोलता?" मामी आतून म्हणाल्या. "सोयरीक तुम्हीच काढली ना, लय हौसेनं!"

"मंग कॉलेजात काय मी गेलो व्हतो?"

दोघंही हसले. मला हसू येईना. व्यापाऱ्याचा पत्ता त्या बंद पडलेल्या मेलमध्येच होता. माझ्या वहीत पेट्यांचे आकडे होते. माणूस कुठे सापडेल, हे मी कधी लिहूनच ठेवलं नव्हतं. तो तिकडून लिहीत असेल आणि आम्ही उत्तर देत नाही असं त्याला वाटत असेल, एवढंच डोक्यात फिरायचं.

आता कुणी विचारलं तर मी सांगतो: नोंदणीत स्वतःचं नाव आहे का ते आपल्या डोळ्यांनी बघा, पासवर्ड स्वतःकडे ठेवा, मुदत कधी संपते ते लिहून ठेवा, मुदतीचं पत्र आपल्याला येतं का ते पाहा. लोक माझं ऐकून घेतात आणि विचारतात, "पण तुमच्या ओळखीचा कुणी आहे का?"

त्या हंगामात मी रोज कॅफेत जाऊन ते नाव पुन्हा सुटलंय का ते टाइप करून बघायचो. एके दिवशी मामांचा फोन आला.

"सुटलं का रे?"

"नाही, मामा."

"बरं. माल इथल्याच व्यापाऱ्याला देऊन टाकतो. मणी फुटाया लागलेत."

"मामा, मी अजून एकदा त्या कंपनीला..."

"जेवलास का तू?" ते म्हणाले.